मान टाकणारी दुर्बीण

"आता शनी!" असं म्हणून हेरंबने रिमोटचं बटण दाबलं, आणि दुर्बिणीची मोटर गुरगुरू लागली.

दिवाळी होऊन गेली होती. फटाक्यांचा धूर निवळला होता आणि शाळा उघडायला अजून अवकाश होता. लालबागच्या त्या चाळीची निम्मी माणसं गच्चीवर रांग लावून उभी होती. रांग सांभाळत होती कालिंदी. तिची मावसबहीण लतिका गिरगावातल्या खोताच्या वाडीतून सुट्टीला आली होती. ती लहान मुलांना दुर्बिणीपासून हातभर लांब ठेवत होती. आणि रिमोट हेरंबच्या हातात होता, कारण तो दुसऱ्या कोणाला मिळूच द्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं.

दुर्बीण साधीसुधी नव्हती. याच चाळीत वाढलेल्या माधवने अमेरिकेत नोकरी लागल्यावर ती चाळीच्या मंडळाला भेट दिली होती. तिच्या बैठकीत, म्हणजे ज्या यंत्रावर नळी बसते त्यात, छोटा संगणक होता. त्याला वेळ आणि गाव सांगायचं, ओळखीचे दोन तारे दाखवायचे, की मग नाव घ्याल तो ग्रह नळी आपली आपण वळून शोधायची. मे महिन्यात तिने सगळ्यांना मंगळ दाखवला होता. पावसाळाभर मात्र ती पेटीत होती.

मोटर थांबली. रांगेत पहिले होते बुधाजी आजोबा. टोपी मागे सरकवून ते वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"काय गो," ते कालिंदीला म्हणाले, "माका तर काळोखच दिसता."

हेरंबने डोळा लावला. खरंच काळोख होता. त्याने पुन्हा बटण दाबलं. मोटर गुरगुरली, नळी जराशी वर उठली, थांबली, आणि मग सगळ्यांच्या देखत तिने हळूहळू मान टाकली. वर्गात डुलकी लागलेल्या मुलासारखी.

हशा पिकला. शनीला बघून लाजली, असं कोणी म्हणालं. पण तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा हसू थांबलं आणि वसंतराव पुढे आले.

वसंतराव मंडळाचे चिटणीस होते. बँकेत हेडक्लार्क होते. माणूस वाईट नव्हता, पण प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ठरवून टाकायची त्यांना सवय होती. जिन्याच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या सीतारामकडे ते वळले.

"सीताराम, पेटी तुझ्या हातून पडली ना?"

"नाही."

"माळ्यावरून काढली कोणी?"

"मी काढली."

"झालं तर मग."

सीताराम म्हणजे कालिंदीचे बाबा. गिरणी कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा ते ऐन विशीतले होते. त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यानंतर त्यांनी मिळेल ते काम केलं, आणि गेली काही वर्षं मंडळाचा हॉल आणि वाचनालय त्यांच्याकडे होतं. उघडणं, झाडणं, बंद करणं. कमरेला लोखंडी कडीत अडकवलेल्या किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्या कामावर घर चालत होतं.

वसंतरावांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की रविवारी माधव येतोय. एवढी महागाची वस्तू चाळीला सांभाळता येत नसेल, तर तो ती दादरच्या एका शाळेला देईल. हॉलच्या कामाला दुसरा माणूस बघायचा का, तेही त्याच्यासमोरच ठरवू. तोपर्यंत किल्ल्या माझ्याकडे.

बाबांनी काही न बोलता जुडगा सोडवून त्यांच्या हातात दिला. दुर्बीण गच्चीवरच, पाण्याच्या टाकीच्या खोलीत ठेवली गेली आणि दाराला कुलूप लागलं. जिना उतरताना बाबांचा हात दोनदा कमरेकडे गेला आणि रिकामा परत आला. मागून येणाऱ्या कालिंदीने ते पाहिलं. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी तिघं जिन्याच्या पायरीवर बसली.

"बाबांनी पाडली नाही," कालिंदी म्हणाली. "पाडली असती तर सांगितलं असतं."

"मग काल बोलले का नाहीत?" लतिकाने विचारलं.

कालिंदीला तेच कळत नव्हतं. तिला वसंतरावांचा राग आला होता, पण त्याहून जास्त बाबांचा आला होता.

हेरंब म्हणाला, यंत्र बिघडलंय तर कुठे बिघडलंय ते आधी शोधू. पण यंत्र कुलपात होतं. मग लतिका उठली, केस नीट केले आणि वसंतरावांच्या घरी गेली. माधवदादा येणार, आणि दुर्बिणीवर तर धुळीचे थर, लोक काय म्हणतील, असं ती काळजीच्या सुरात म्हणाली. आम्ही पुसून लख्ख करतो, म्हणजे चिटणिसांचं नाव निघेल. वसंतरावांना हे पटलं. त्यांनी खोलीची किल्ली दिली, पण बजावलं, की ती सीतारामच्या हातात जाता कामा नये.

लतिकाने हे शेवटचं वाक्य कालिंदीला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिने सांगितलं.

त्यांनी दुर्बीण खोलीबाहेर काढून तिपाईवर बसवली. दिवसा तारे कुठले? पण समोर बंद गिरणीची चिमणी होती, आणि चिमणीच्या टोकाला विजेपासून वाचवणारी सळई. तिच्याकडेच नळी रोखायची असं ठरलं. सूर्य दुसऱ्या बाजूला आहे ना, हे हेरंबने दोनदा बघितलं. नळी चुकून सूर्याकडे वळली आणि कोणी डोळा लावला तर डोळा जातो, हे माधवदादाने मे महिन्यात दहा वेळा सांगितलं होतं.

आधी तिपाई हलवून पाहिली. एक पाय लचकत होता. हेरंबने त्याचा नट पिळला आणि विजयी चेहऱ्याने सांगितलं, की केस खल्लास. मग बटण दाबलं. नळी वर गेली आणि तिने मान टाकली.

"केस जिवंत आहे," लतिका म्हणाली.

मग कालिंदीने नळीला एका बोटाने हळूच ढकललं. आधी अगदी किंचित टक् झालं. हेरंब म्हणाला, ही गिअरच्या दातांमधली फट. सायकलच्या चेनला असते तशी थोडी ढिलाई सगळ्या यंत्रांना असते. पण तिने अजून ढकललं तर नळी सरकतच गेली, साबण लावलेल्या हातातून तांब्या निसटावा तशी.

"हे हलणं वेगळं आणि घसरणं वेगळं," कालिंदी म्हणाली. "हलतंय थोडंसंच. घसरतंय फार."

दुर्बिणीच्या बैठकीला एका बाजूला हातासारखा खांब होता आणि नळी त्या खांबाला अडकवलेली होती. बाहेरून एक काळी गोल मूठ होती. ती पिळून घट्ट केली की नळी मोटरला जखडली जायची. सैल केली की नळी हाताने कशीही वळवता यायची. थोडक्यात, तो क्लच होता. लतिकाने जिन्यातल्या देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि मोटरने फिरणाऱ्या चकतीपासून नळीच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली. होता नव्हता तेवढा जोर लावून मूठ घट्ट केली. हेरंबने बटण दाबलं.

मोटर फिरली. चकतीवरची अर्धी रेघ पुढे गेली आणि नळीवरची अर्धी रेघ जागच्या जागी राहिली.

हेरंबने बटण सोडलं.

"मामाच्या स्कूटरचं असंच झालं होतं," हेरंब हळू आवाजात म्हणाला. "इंजिन ओरडतंय आणि स्कूटर जागेवर. क्लचला तेल लागलं होतं."

कालिंदीने मूठ जराशी सैल करून फटीत करंगळी घातली. करंगळी बाहेर आली ती तेलकट. आणि पिवळी. तिने वास घेतला. शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता, आणि त्यात हळदीचा.

पुढचं सगळं भराभर झालं. त्यांनी पेटी उघडली. माधवदादाने तिच्यात ओल शोषून घेणाऱ्या पांढऱ्या पुड्या ठेवल्या होत्या. त्या गायब होत्या. तळाशी झेंडूची एक वाळलेली पाकळी होती. आतल्या स्पंजवर तेलाचा डाग पडला होता, पण तळाला नाही, बाजूला. म्हणजे पेटी उभी ठेवायची ती कोणीतरी आडवी ठेवली होती, आणि वरचं तेल वाट काढत क्लचमध्ये उतरलं होतं.

"आणखी एक," कालिंदी म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. "काल पेटीतून काढली तेव्हा मूठ आधीच घट्ट होती. आठवतंय? आपण पिळलीच नव्हती. बाबा पेटीत ठेवताना ती नेहमी सैल करतात. माधवदादाने सांगितल्यापासून कधी चुकले नाहीत. निजताना माणूस पट्टा सैल करतो तसं, म्हणतात."

म्हणजे शेवटी पेटीत ठेवली ती बाबांनी नाही. झेंडू, हळद, तेल. कालिंदीला आता सगळं डोळ्यांसमोर दिसलं, कारण ती स्वतः तिथे होती.

खंडेनवमी.

गिरण्या चालू होत्या तेव्हा खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. गिरण्या बंद पडल्या, पण चाळ ती पूजा विसरली नाही. हॉलमध्ये टेबल मांडून त्यावर हेरंबच्या आईचं शिवणयंत्र, पाण्याचा छोटा पंप, भजनाची पेटी, सुताराची करवत असं सगळं ठेवत. यंदा वसंतरावांना सुचलं, की मंडळात आता संगणकवाली दुर्बीण आहे, तिला मधोमध मान द्यावा. त्या दिवशी आत्या आजारी म्हणून बाबा अँटॉप हिलला गेले होते आणि किल्ल्या वसंतरावांकडे होत्या. आरती झाली. सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं. कालिंदीने स्वतः नळीवर फूल ठेवलं होतं. मग वसंतरावांनीच घाईघाईने ती पेटीत कोंबून माळ्यावर ढोलांच्या खाली सरकवली. गुन्हा भरल्या हॉलमध्ये घडला होता आणि सगळ्यांनी वर प्रसादही खाल्ला होता.

"पण तेल?" लतिका म्हणाली. "आरतीत तेल कोणी घालतं का?"

बुधाजी आजोबा फाटकाजवळच्या बाकड्यावर बसले होते. गिरणीत ते तेलवाले होते. कापड विणायच्या मागांना वेळच्या वेळी तेल घालायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. लांब नाकाची पितळी कुपी अजून त्यांच्या उशाशी असायची. कालिंदीने सहज विचारल्यासारखं विचारलं, की आजोबा, गिरणीत खंडेनवमी कशी व्हायची?

त्यांचा चेहरा उजळला. ते सांगू लागले, की आदल्या दिवशी सगळा विभाग धुऊन निघायचा. यंत्राला फूल मागाहून, पहिलं तेल. कोरड्या यंत्राला हार घालणं म्हणजे उपाशी माणसाला टिळा लावणं.

"म्हणून यंदा मी सगळ्यांका तेल घातलंय," ते म्हणाले. "मशिनीक, पंपाक. आणि त्या दुर्बिणीक पण. केवढा यंत्र, आणि आत थेंब नाय गो! माझो जीव कळवळलो. मुठीच्या फटीतून घातलंय. बेस मुरला असतला आता."

किती वर्षांनी नवीन यंत्र हाताला लागलं, असंही ते म्हणाले, आणि कुपीचं नाक धोतराने पुसू लागले.

तिघं तिथून निघाली आणि वळणापाशी आली.

"सापडला," हेरंब म्हणाला. पण त्याच्या आवाजात काही जोर नव्हता.

रविवारी हे सांगितलं की वसंतराव सगळ्यांसमोर आजोबांवर तुटून पडणार. नाही सांगितलं तर बाबांचं काम जाणार. कालिंदी घरी गेली आणि तिने बाबांनाच सगळं सांगितलं. बाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "काल गच्चीवरच वास आला. तो तेलाचा वास मी झोपेतही ओळखेन."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी ताट बाजूला ठेवलं.

"संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात आपल्या घरात चूल पेटत नव्हती. तुझ्या आजीने अंथरूण धरलेलं. बुधाजीकाकांच्या गावाहून तांदळाची गोणी आली. त्यांच्या घरात खाणारी तोंडं आपल्याहून जास्त. त्यांनी गोणी आपल्या दारात आणून सोडली आणि अर्धी ओतली. कधी त्याचा उच्चार केला नाही." त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं. "किल्ल्या गेल्या तर जातील, कालू. दुसरं काहीतरी बघू. पण यंत्र बुधाजीने बिघडवलं, असं चार माणसांत कोणी म्हणायला नको."

कालिंदीचा बाबांवरचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. त्या जागी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते जास्त जड होतं.

"म्हणजे चोर सापडला आणि पकडायचा नाही," हेरंबने गच्चीवर डोकं धरलं. "कसली केस आहे यार."

"चोर पकडायचा नाही, पण चोरी परत करायची," कालिंदी म्हणाली. "दुर्बीण दुरुस्त झाली तर बिघडवली कोणी हा प्रश्नच कशाला येईल?"

हेरंबची आई चंपाकाकू परळच्या एका इस्पितळात नर्स होती. तिच्याकडून स्पिरिट आणि कापूस मिळाला. एक स्वच्छ स्टीलचं ताट आलं. कालिंदी बाबांना घेऊन आली, पण ते खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले.

"माझ्या हातात किल्ली नाही," ते म्हणाले. "मी आत येणार नाही. तुम्ही करा. एकच सांगतो, जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने ताटात मांडा, आणि उलट्या क्रमाने बसवा. या दुर्बिणीचं मला काही कळत नाही. पण एवढं सगळ्याच यंत्रांना लागू आहे."

हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले. मूठ पूर्ण उघडली. तिच्यामागे एक वॉशर निघाली, मग दोन गुळगुळीत चकत्या. दोन्ही तेलाने चकाकत होत्या. लतिका पुसत गेली, हेरंब मांडत गेला. मध्येच वॉशर ताटातून उडाली आणि घरंगळत टाकीखाली गेली. बाबांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला, आणि पुन्हा मागे गेला. लतिका पोटावर सरपटत टाकीखाली शिरली आणि जाळ्याजळमटांसकट वॉशर घेऊन बाहेर आली.

"गिरगावात मला असलं कोणी करायला लावत नाही," ती म्हणाली.

सगळं बसवून झाल्यावर दुर्बीण बाहेर आणली आणि पुन्हा कुंकवाची रेघ ओढली. बटण दाबलं. रेघ अखंड पुढे गेली. चिमणीची सळई दुर्बिणीत आली आणि तिथेच राहिली. कालिंदीने मागे पाहिलं. बाबा जिना उतरून गेले होते.

रविवारी उजेड मावळता मावळता गच्ची भरली. माधवदादा आला. वसंतरावांनी "अत्यंत दुर्दैवाने" अशी सुरुवात केली आणि मंडळाच्या इतिहासापासून बोलू लागले. कालिंदीने अदबीने विचारलं, की वसंतकाका, आधी शनी बघायचा का?

माधवदादाने बटण दाबलं. नळी वर गेली, पूर्वेकडे वळली, थांबली. नळीने मान टाकली नाही. त्याने डोळा लावला.

"बघा," तो म्हणाला. "कडं दिसतंय."

मग त्याने मूठ चाचपली, बोटाचा वास घेतला आणि तिघांकडे पाहिलं. क्लच उघडला होता का, असं त्याने विचारलं. खोटं बोलायचं नाही असं तिघांनी ठरवलं होतं. कालिंदीने सांगितलं, की पडली नव्हती, मोडली नव्हती. आत तेल गेलं होतं म्हणून घसरत होती. हेरंबने रेघेची युक्ती सांगितली. माधवदादाची भुवई वर गेली.

"तेल?" वसंतराव म्हणाले. "तेल कोणी घातलं? सीताराम?"

कालिंदी एक पाऊल पुढे आली.

"खंडेनवमीला आपण सगळ्यांनी पूजा केली, काका. मीही फूल वाहिलं. बाबा तेव्हा अँटॉप हिलला होते, किल्ल्या तुमच्याकडे होत्या. पेटीत तुम्ही ठेवलीत. मूठ घट्ट राहिली, पेटी आडवी राहिली, पुड्या कचऱ्यात गेल्या. बाबांना तुम्ही विचारलंच नाही."

"पुड्या होय," वसंतराव पुटपुटले. "मला वाटलं, कचराच आहे. पण तेल तर मी..."

"तेल मी घातलंय."

रांगेतून बुधाजी आजोबा पुढे आले. बाबांनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला, त्यांनी तो सोडवून घेतला.

"सीतारामा, तू गप्प रवलंस तो माझ्यासाठी? मगे मी कित्याक गप्प रवूं?" ते माधवकडे वळले. "आमच्या मागाक पण ब्रेकचो पट्टो असायचो. त्याका तेलाचां बोट लागूक देत नसू, ह्या माका ठाऊक. पण हिका पण ब्रेक आसा, ह्या कोणी सांगूक होया होतां. मी विचारलंय नाय. चूक माझी."

माधवदादा खाली वाकला आणि त्याने आजोबांच्या पायांना हात लावला.

"आजोबा, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी दुर्बीण दिली आणि नियम फक्त सीतारामकाकांना सांगून विमानात बसलो. आता पुढच्या खंडेनवमीला तेल कुठे चालतं आणि कुठे नाही, ते आपण दोघं बसून बघू." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की बिघाड शोधताना या तिघांनी एकही गोष्ट गृहीत धरली नाही. मोठ्यांनाही हे जमत नाही. दुर्बीण इथून कुठे जाणार नाही.

चंपाकाकूने तिघांच्या पाठीवर एकेक थाप दिली. हेरंबला जरा जोरात बसली, कारण स्पिरिटची बाटली त्याने अर्धी सांडली होती.

वसंतरावांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "सीताराम," ते म्हणाले. "मी आधी विचारायला हवं होतं."

बाबांनी जुडगा कमरेला अडकवला. त्यांनी बुधाजी आजोबांना रांगेत पुढे केलं.

आजोबा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"कडां घातल्यान गो शनीन," ते म्हणाले. मग सरळ होऊन त्यांनी समोर पाहिलं. काळोखात चिमणी उभी होती. "तिच्यातना धूर येत होतो तेव्हा आमका चांदणां कधी दिसलां नाय."

बाबांनी हातातला टॉर्च विझवला, म्हणजे तारे आणखी नीट दिसतील.

परत जाताना दुर्बीण कालिंदीने पेटीत ठेवली. मूठ सैल केली. माधवदादाने आणलेल्या नव्या पुड्या आत टाकल्या. आजोबांनी खडूने पेटीवर वर जाणारा मोठा बाण काढला. पेटी आता माळ्यावर नाही, हॉलच्या कपाटात उभी राहणार होती. एक बाजू बाबांनी धरली, एक कालिंदीने. दोघं जिना उतरू लागली आणि पायरीपायरीला किल्ल्या वाजत राहिल्या.